पथ्यावर ठेवलेला कुत्रा

माझा धाकटा भाऊ थविन वारला आणि वर्षभराने कुत्रा होऊन परत आला, असं माझ्या भावजयीचं म्हणणं. मी म्हटलं, येऊ दे. माणूस होता तेव्हा तरी कुठे मोठे दिवे लावत होता.

भावजयीचं नाव लमदुआन. बान लात भागातली, ताडांच्या बनात वाढलेली. लग्न होऊन फेत्चबुरीला आली तेव्हा तिला दोनच गोष्टी येत होत्या. एक ताडगूळ आटवणं आणि दुसरी, कुणीही सांगितलेलं खरं मानणं. पहिलीवर तिने संसार चालवला. पुलापाशी बाजारात तिचा मोकेंगचा ठेला आहे. अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ फेटून ताटात ओतायचं, वरखाली निखारे ठेवून भाजायचं, की झाली ही वडी. बँकॉकचे लोक वाटेत गाड्या थांबवून घेऊन जातात. वडी चांगली असते. एवढं मी कबूल करते, पण ती समोर नसताना.

मी समोन, थविनची थोरली बहीण. लमदुआनच्या घरासमोरच माझं शिवणाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश शिवता शिवता डोळे अधू झाले, आता कुत्र्यांचे सदरे शिवते. थंडीत चार दिवस वारा सुटला की गल्लीतल्या बायका आपापली कुत्री काखोटीला मारून मापं द्यायला येतात. एकीला गुलाबी हवा असतो, एकीला खिसा हवा असतो. कुत्रा खिशात काय ठेवणार, हे मी विचारत नाही. निमबाईचा झुपकेदार कुत्रा तर बाबागाडीतून फिरतो. चार पाय दिलेत, पण एक जमिनीला लागत नाही. मी टेप लावते, माप घेते आणि गप्प बसते. गिऱ्हाइकांपुढे जीभ आवरावी लागते, ती कसर मी घरच्या माणसांवर काढते.

लमदुआनला मी चाळीस वर्षं बोलत आले. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिने भात करपवला, तेव्हा मी म्हटलं, "हिला लहानपणी ताडावरून पाडलेलं दिसतंय." ती मान खाली घालून म्हणाली, "असेल, वन्सं." तेव्हापासून आमचं तसंच चाललं. मी बोलायचं, तिने "असेल, वन्सं" म्हणायचं आणि शेवटी तिला करायचं तेच करायचं.

थविन शाळेची बस चालवायचा आणि गोड खायचा. ताडगूळवालीशी लग्न का केलंस, याचं उत्तर त्याच्या पोटाकडे बघितलं की मिळायचं. पुढे त्याला मधुमेह झाला. डॉक्टर म्हणाले, गोड बंद. लमदुआनने ते असं मनावर घेतलं की विचारू नका. दिवसभर ताटांमागून ताटं भाजणारी बाई, पण नवऱ्याला तिने एक कोपरा चाखू दिला नाही. वड्या फडताळात, फडताळाला कुलूप, किल्ली कमरेला. त्याला काय, तर उकडलेलं कारलं, हातसडीचा भात आणि बिनमिठाचा वाफवलेला मासा. थविन माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि कण्हायचा, "ताई, हिच्या हातचं जग खातं, मी सोडून." मी म्हणायचे, "मग दुसऱ्याची बायको करायची होतीस."

एका सकाळी तो स्वयंपाकघरात कोसळला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. सगळे म्हणाले, साखरेने गेला. लमदुआनने तेही खरं मानलं. आपल्याच कढईतली साखर त्याला भोवली, कुठून तरी चोरून खाल्लंच असणार, आपण आणखी कडक राहायला हवं होतं, असं तिच्या मनाने घेतलं. ती रडली थोडी, पण दोष सगळा स्वतःच्या पदरात घेतला. मी म्हटलं, "चांगलं झालं, निदान दोष तरी वाया गेला नाही." म्हटलं खरं.

दहनाआधी तिने कढईच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि त्याच्या उजव्या कोपरापाशी फासली. पुढच्या जन्मी ओळख पटावी म्हणून आमच्याकडे लावतातच, त्यात नवल नाही. घरात नातवंड जन्मलं की म्हाताऱ्या आधी त्याच्या अंगावर डाग शोधतात. पण लमदुआनला मूलबाळ नाही, मग नातवंड कुठलं? मी विचारलं, "आता कुणाकुणाच्या दारात जाऊन पोरांची कोपरं तपासणार आहेस?"

"ते येतील, वन्सं," ती म्हणाली.

आले. देवळामागच्या कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक येऊन तिच्या ठेल्याखाली बसलं. अंग पिवळट आणि पुढच्या उजव्या पायावर, वरच्या सांध्यापाशी, काळा ठिपका. देवळातल्या निम्म्या कुत्र्यांच्या अंगावर असा ठिपका आहे. तो पुरावा धरायचा तर अर्धं फेत्चबुरी तिथे हाडकं चघळत बसलंय म्हणायचं. लमदुआनने पिल्लू छातीशी धरलं आणि गल्लीतून चालत आली. तोंडावर असं तेज, की मला बघवेना.

गल्लीने पिल्लाचं नाव खनुन ठेवलं. खनुन म्हणजे फणस. रंग तसाच होता. लमदुआनने ते नाव कधी तोंडात घेतलं नाही. ती त्याला म्हणायची, "अहो."

"अहो, पाय पुसून आत या." "अहो, उन्हात नका बसू, डोकं दुखेल." आणि अहो आपले जीभ बाहेर काढून तिच्याकडे बघत बसायचे. गल्लीतल्या लोकांना तर काय, करमणूक झाली. लॉटरीच्या आदल्या दिवशी लोक त्याच्यासमोर हात जोडून उभे राहायचे आणि त्याने कान किती वेळा खाजवला ते मोजायचे. एकदा कुणाला तरी चार पैसे लागले. मग निमबाईसुद्धा त्याला वाकून नमस्कार करायला लागली. जिवंतपणी थविनला या बाईने कधी बसायला पाट दिला नव्हता.

इथवर मला काही म्हणायचं नव्हतं. विधवा बाई आहे, रमली कुत्र्यात तर रमू दे. पण लमदुआन रमली नव्हती, ती कामाला लागली होती. या खेपेला ती नवऱ्याला मरू देणार नव्हती.

पिल्लू दात फुटल्याबरोबर पथ्यावर आलं. कारलं, हातसडीचा भात, बिनमिठाचा मासा. थविनचे गुडघे दुखायचे म्हणून कुत्र्याला जिना बंद. थविनला ऊन सोसत नसे म्हणून कुत्र्याला दुपारी पंख्यासमोर चटईवर झोपवायचं, उठला तर पाठीवर हात ठेवून पुन्हा झोपवायचं. संध्याकाळी ती त्याला फिरायला न्यायची, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, चार पावलं टाकली की थांबत. समोरून दुसरं कुत्रं आलं की दोरी आखडायची. "नको ती संगत," म्हणायची. शनिवारी टीव्हीवर मुष्टियुद्ध लावून त्याला समोर बसवायची. त्याला ते आवडतं असं तिचं मत. तो टीव्हीखालची पाल बघत असायचा.

कुत्र्याचं सुख कशात असतं यातली मी जाणकार नाही. कुत्री मला आवडतही नाहीत, अंगाला वास येतो. पण दोन वर्षांचं जनावर उंबऱ्यावर हनुवटी टेकून दिवसभर पडून असतं, समोरून मांजर गेलं तरी नुसते डोळे फिरवतं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसतात, हे बघून मला राग यायचा. तो अधूनमधून दोरी चुकवून माझ्या दुकानात यायचा आणि मशीनखाली शिरायचा. तेव्हा माझ्या हातून भाजलेल्या डुकराच्या मांसाचा एखादा तुकडा खाली पडायचा. वयामुळे हात कापतात माझे.

"बघा, बहिणीकडे गेले," गल्ली म्हणायची.

"बहिणीकडे नाही, मांसाकडे," मी म्हणायचे.

वर्षाची सुई टोचायची होती म्हणून मीच दोघांना बाजारामागच्या प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीण वरांग. वयाने माझ्या कात्रीएवढी, पण आवाज पोलिसाचा. तिने कुत्र्याला काट्यावर ठेवलं, ओठ उचलून दात बघितले, कानात बघितलं आणि विचारलं, "वय काय?"

"अडुसष्ट," लमदुआन म्हणाली.

डॉक्टरीणबाईचा हात थांबला. "दोन," मी म्हटलं. "दोन लिहा. अडुसष्ट हिच्या अकलेचं वय आहे, त्या वयात ती निवृत्त झाली."

वरांगबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, याला काही आजार नाही. हा उपाशी आहे आणि कंटाळलाय. कोंबडी द्या, अंडं द्या, कधी काळीज द्या. सकाळ-संध्याकाळ मोकळं पळू द्या, दुसऱ्या कुत्र्यांत मिसळू द्या. गोचिडी काढत जा, सुई चुकवू नका. बाकी कुत्र्याला कुत्रं राहू द्या, एवढंच."

लमदुआनने मान डोलावली, वाकून नमस्कार केला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर मला म्हणाली, "पोरगी हुशार आहे, वन्सं. पण यांचा मागचा आजार तिला कुठे ठाऊक आहे?"

"मागच्या आजाराबरोबर मागचा देहही जळाला, लमदुआन."

"असेल, वन्सं," ती म्हणाली आणि घरी जाऊन कारलं चिरायला बसली.

मग उन्हाळा आला आणि मुंग्यांचं प्रकरण झालं. कुत्रा अंगणात जिथे पाय वर करायचा तिथे मुंग्या धरायला लागल्या. माणसाच्या लघवीला मुंग्या लागल्या की साखर समजावी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लमदुआन धावत माझ्याकडे आली, चेहरा पांढरा.

"वन्सं, परत आली. साखर परत आली."

मी तिला हाताला धरून तिच्याच अंगणात नेलं. एका बाजूला ताडगुळाच्या कढया, दुसऱ्या बाजूला गुळाची पोती, मध्ये रोज सांडणारा पाक. चप्पल उचलली तर जमीन बरोबर येते. "या अंगणात दगड ठेवलास तरी त्याला मुंग्या लागतील," मी म्हटलं. "उद्या दगडालाही मधुमेह झाला म्हणशील." ती ऐकत उभी राहिली. मला वाटलं, पटलं. मी दुकानात परतले आणि निमबाईच्या कुत्र्याच्या सदऱ्याला काजं करायला घेतली.

तीन-चार दिवसांनी सकाळी समोरून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ लमदुआनची हाक. गेले तर कुत्रा टेबलाखाली आडवा. पाय झाडत होता, तोंडातून लाळ, नजर कुठेच ठरत नव्हती. लमदुआन जमिनीवर बसून त्याच्या नाकाला हुंगायची निलगिरीची नळी लावत होती.

"अहो, दम धरा. अहो, इकडे बघा."

मी डॉक्टरीणबाईला फोन लावला. ती म्हणाली, "काय खाल्लं त्याने?"

"काय खाल्लं?" मी लमदुआनला विचारलं.

"काही नाही. अजून भात व्हायचाय."

"मग काय दिलंस? खरं बोल."

"गोळी," ती म्हणाली. "यांचीच. साखरेची. डब्यात उरल्या होत्या. मुंग्या लागल्या त्या दिवसापासून देतेय."

मी ते तसंच फोनवर सांगितलं. पलीकडून तो पोलिसी आवाज आला. "घरात मध, काकवी, काही गोड पातळ असेल ते बोटावर घ्या आणि हिरड्यांना चोळा. आत्ता. घशात ओतू नका, चोळा. आणि लगेच घेऊन या."

"काकवी घे," मी लमदुआनला म्हटलं. तिच्या मागे गार झालेल्या काकवीचं पातेलं भरलेलं होतं.

ती हलली नाही. "साखर?" म्हणाली. "साखर देऊ यांना? नाही, वन्सं. एकदा झालं ते झालं. माझ्या हाताने परत नाही."

"तुझ्या हाताने गोळी चालली ना? मग हेही चालेल."

"नाही."

मी तिचं मनगट धरलं, तिची बोटं पातेल्यात बुडवली आणि तसाच तिचा हात कुत्र्याच्या जबड्याशी नेला. जोर माझा होता, बोटं तिची. पहिल्यांदा काही झालं नाही. पुन्हा बुडवली, पुन्हा चोळली. मग तिचीच बोटं आपोआप फिरायला लागली, तेव्हा मी मनगट सोडलं. थोड्या वेळाने पाय झाडणं मंदावलं. कुत्र्याची जीभ बाहेर आली आणि तिने लमदुआनचं बोट चाटलं. मला कुत्री आवडत नाहीत, पण त्या वेळी माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

शेजारच्या तीनचाकीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. त्याला आत नेऊन पायाला सलाइन लावलं. बऱ्याच वेळाने वरांगबाई हात पुसत बाहेर आल्या.

"वाचला," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे. गोळ्या फेकून द्या, कारलंही. त्याला साखरेचा आजार नव्हताच. तुमच्या गोळीने होती नव्हती ती साखर उतरली, म्हणून झटके आले. तोंडाला काकवी लावली नसती तर इथे पोचला नसता."

"साखरेने वाचला?" लमदुआनने विचारलं.

"साखर कमी झाली की साखरच द्यायची, मावशी. माणसांनाही असंच होतं. गोळी घेतली आणि पोटात काही नसलं की हात कापतात, घाम सुटतो, गोड खावंसं वाटतं. तेव्हा चमचाभर साखर दिली की माणूस उठून बसतो." एवढं सांगून त्या आत गेल्या. त्यांना एक मांजर बघायचं होतं.

आम्ही दोघी भिंतीशी बाकावर बसलो. मी बोलायला तोंड उघडणार होते, सकाळपासून बरंच साठलं होतं. लमदुआन स्वतःच्या हाताकडे बघत होती. बोटांची काकवी वाळून चिकट झाली होती.

"वन्सं," ती म्हणाली, "त्या सकाळी यांनी गोळी घेतली होती. भात व्हायचा होता. हात कापायला लागले यांचे. सदरा घामाने भिजला. म्हणाले, एक वडी दे गं, एकच. मी ताट उचलून फडताळात ठेवलं आणि कुलूप लावलं. म्हटलं, नाटकं करू नका."

ती बोटावरची काकवी नखाने खरवडत होती.

"मग खाली बसले. म्हणाले, वडी नको, थोडी काकवी तरी दे. समोर पातेलं होतं. मी ते उचलून बाहेर नेलं. परत आले तर आडवे झाले होते." ती माझ्याकडे वळली. "सगळे म्हणाले, साखरेने गेले. साखरेने नाही ना गेले, वन्सं?"

डॉक्टरीणबाईचं बोलणं माझ्याही कानात शिरलं होतं आणि त्याचा अर्थ लमदुआनने सांगायच्या आत मला लागला होता. चमचाभर साखर. माझा भाऊ, ज्याच्या घरात पोत्यांनी गूळ होता.  तिच्याकडे बघितलं तर बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती. आता मी जे बोलेन ते घेऊन ती उरलेलं आयुष्य काढणार, हे मला दिसत होतं. चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते मी केलं, तिचा चिकट हात हातात घेतला.

"अगं, त्याचं हृदय होतं ते," मी म्हटलं. "दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं. त्याला काही दिलं असतंस तरी फरक पडला नसता. तुझा काही दोष नाही. तू केलीस तशी सेवा दुसरीने केली नसती. भाग्यवान माझा भाऊ."

लमदुआनने माझ्याकडे बघितलं. ती रडली नाही.

"वन्सं, तुम्ही मला कधी एक गोड शब्द बोलला नाहीत," ती म्हणाली. "आज बोलताय. म्हणजे तसंच झालं असणार."

तिने हात सोडवून घेतला आणि आत जाऊन कुत्र्याच्या पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसली. मी बाकावर बसून राहिले. 'डोकं ठिकाणावर आहे का तुझं, लमदुआन, कुत्रा कुठे आणि माणूस कुठे,' एवढंच मी नेहमीसारखं खेकसले असते, तर तिने मान खाली घालून ते मानलं असतं आणि संध्याकाळी आम्ही कुत्र्याला घेऊन घरी आलो असतो.